छेदात कोण आहे ते आधी विचारा

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की सायन्स न घेतलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना गणिताबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रं आली भरपूर, पण अर्ध्या पत्रांत प्रश्न नव्हताच, नुसती तक्रार होती. तक्रारीही ठेवल्यात मी. ज्यांना उत्तर देता येईल असं वाटलं ते खाली.

प्रश्न: मॅडम, मी इतिहास घेऊन बीए करतेय. शाळा संपली तेव्हा गणिताची वही मी अक्षरशः फाडून टाकली होती. आता कॉलेजने 'गणिताचे व्यावहारिक उपयोग' असा पेपर सगळ्या शाखांना सक्तीचा केलाय. इतिहासवाल्याला गणित कशाला? खरंखुरं एक तरी उदाहरण द्या, 'हिशोब ठेवायला उपयोग होतो' असलं नको.

तुझा राग कळतो मला, आणि थोडा पटतोही. एका टाकीला दोन नळ, एक भरतो एक रिकामी करतो, टाकी कधी भरेल, असली गणितं करून मोठं झालेल्या माणसाला गणिताबद्दल प्रेम का वाटावं? नळ बंद कर की बाई आधी, असंच वाटतं.

तर हिशोबाचं उदाहरण देत नाही, तुझ्याच विषयातलं देते. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ मधे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत लेख छापून येत होते, सगळे मिळून ८५, आणि सगळ्यांखाली एकच टोपणनाव, पब्लियस. लिहिणारे होते तिघं, अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. बहुतेक लेख कोणाचे ते नंतर कळलं, पण १२ लेखांवर वाद राहिला, कारण दोघांच्या बाजूने आलेल्या याद्या एकमेकींशी जुळेनात, हॅमिल्टनच्या यादीत ते हॅमिल्टनचे आणि मॅडिसनच्या यादीत मॅडिसनचे. दीडशेहून जास्त वर्षं इतिहासकार भांडत होते, विचार कोणाचे वाटतात, शैली कोणाची वाटते, आणि अडचण अशी की दोघंही एकाच पठडीत, एकाच बाजूने, एकाच विषयावर लिहीत होते, त्यामुळे नुसतं वाचून काही ठरेना.

मग फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी काय केलं, तर भारी भारी शब्द सोडून दिले आणि अगदी फालतू वाटणारे शब्द मोजले. हॅमिल्टन 'अपॉन' हा शब्द दर हजार शब्दांमागे साधारण ३ वेळा वापरायचा, मॅडिसन सहा हजार शब्दांत जेमतेम एकदा. 'जेव्हा' या अर्थी एक 'व्हाइल' लिहायचा तर दुसरा 'व्हाइल्स्ट'. असे बरेच शब्द घेऊन, प्रत्येकाने पारडं किती झुकतं ते शक्यतेच्या भाषेत मांडून त्यांनी १९६४ मधे निष्कर्ष छापला की बाराही लेख मॅडिसनचेच असावेत, आणि आज बहुतेक अभ्यासक तेच धरून चालतात.

फालतू शब्दच का, तर 'स्वातंत्र्य' किंवा 'कर' हे शब्द विषयाप्रमाणे कमीजास्त होणार, पण 'आणि' लिहायचं की 'व', 'पण' की 'परंतु', हे माणूस ठरवून करत नाही, ते हाताला लागलेलं वळण असतं. तू तुझ्या दोन प्राध्यापकांचे लेख घे आणि 'व' मोज. पण नुसते मोजू नकोस, एकाचा लेख ८०० शब्दांचा आणि दुसऱ्याचा ५००० चा असेल तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, दर हजार शब्दांमागे किती ते काढ. म्हणजे भागाकार आला, आणि भागाकारात खाली काय ठेवायचं हा प्रश्न आला. अपूर्णांकाच्या खालच्या आकड्याला शाळेत छेद म्हणायचो, आठवतंय का? तुमच्या त्या सक्तीच्या पेपरमधलं अर्धं गणित या खालच्या आकड्याचं आहे असं माझं मत आहे, पुढच्या उत्तरांतही तो येणार आहे.

प्रश्न: मी मराठी साहित्याचा विद्यार्थी. कवितेत तरी गणित आणू नका ही विनंती.

उशीर झाला रे. हजारेक वर्षांपूर्वीच आणून ठेवलंय.

वृत्तं शिकताना 'यमाताराजभानसलगा' पाठ केलं असशील. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु, दोनच पर्याय, आणि गण तीन अक्षरांचा, म्हणजे २ गुणिले २ गुणिले २, गण आठच, नववा गण असूच शकत नाही. ही झाली साधी गोष्ट. गंमत त्या ओळीतच आहे. कुठलंही अक्षर पकड आणि पुढची दोन जोड: यमाता म्हणजे लघु गुरु गुरु, हा य गण, मातारा, तिन्ही गुरु, म गण, असं करत करत सलगा पर्यंत आठही गण एकेकदाच येतात. आठ गण सुटे सुटे लिहिले असते तर २४ अक्षरं लागली असती, इथे १० अक्षरांत काम झालं, कारण प्रत्येक गण शेजारच्याच्या अंगावरून सरकत जातो. अशा रचनांना आज गणितात डी ब्रुइन या विसाव्या शतकातल्या डच गणितज्ञाचं नाव आहे, आणि संगणकाच्या लोकांना त्या कामाला येतात. आपण शाळेत ती ओळ घोकली आणि तिच्यात काय भरलंय ते कोणी सांगितलंच नाही, मला तर नोकरीला लागल्यावर कळलं.

मात्रावृत्ताकडे ये. लघुची एक मात्रा, गुरुच्या दोन. आठ मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरता येईल? शेवटचं अक्षर बघ. ते लघु असेल तर आधीच्या सात मात्रा कशाही भर, गुरु असेल तर आधीच्या सहा. म्हणजे आठचं उत्तर बरोबर सातचं अधिक सहाचं. एका मात्रेचा १ प्रकार, दोनचे २, मग ३, ५, ८, १३, २१, आणि आठ मात्रांचे ३४. हीच ती फिबोनाचीची मालिका, त्याचं पुस्तक १२०२ सालचं, तर हेमचंद्रांनी छंदशास्त्रात ती त्याच्या आधी, बाराव्या शतकातच सांगितलेली होती, आणि विरहांकांनी त्यांच्याही कितीतरी आधी. (फिबोनाची म्हटलं की सूर्यफूल, शंख, सुंदर चेहरा असे मेसेज फिरतात, त्यातलं सूर्यफूल ठीक आहे, सुंदर चेहऱ्याचं सोडून दे.)

तर गणित आणू नका म्हणतोस ते ठीक, पण मग छंदही टाकून द्यावे लागतील, मुक्तछंदच लिहावा लागेल. तसा तो बरेच जण लिहितातच.

प्रश्न: मोबाइल हप्त्यावर घ्यायचाय. दुकानदार म्हणतो १० टक्के फ्लॅट, बँक म्हणते १६ टक्के रिड्युसिंग. कॉमर्सला असून कन्फ्युज आहे, हसू नका. १० कमीच ना १६ पेक्षा?

हसत नाहीये, यात भलेभले फसतात, शब्दच तसे ठेवलेत.

समजा कर्ज १२,००० आणि परतफेड १२ महिन्यांत. फ्लॅट १० टक्के म्हणजे वर्षाचं व्याज १,२००, एकूण १३,२००, भागिले १२, हप्ता १,१००. बरोबर दिसतं. पण व्याज लावलं कशावर? अख्ख्या १२,००० वर, अख्खं वर्षभर. आणि तुझ्याकडे १२,००० वर्षभर होते का? पहिल्याच महिन्यात तू त्यातले हजारेक परत केलेस, सहा महिन्यांनी अर्धेच उरले, शेवटच्या महिन्यात फक्त हजार, आणि व्याज मात्र तू परत करून टाकलेल्या पैशावरही भरतोयस. मुद्दल दर महिन्याला हजाराने कमी होतंय असं धरलं तर वर्षभरात तुझ्याकडे सरासरी ६,५०० च होते. १,२०० भागिले १२,००० हे १० टक्के, पण १,२०० भागिले ६,५०० केलंस तर १८ च्या वर जातं. नीट सूत्राने काढलं तर जवळजवळ १८ टक्के येतो. वरचा आकडा तोच, खालचा बदलला.

बँकेच्या १६ टक्के रिड्युसिंगचा, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावणारा, हप्ता येतो साधारण १,०८९, वर्षाचं व्याज १,०६५ च्या आसपास. म्हणजे १६ वालं कर्ज १० वाल्यापेक्षा स्वस्त! फरक थोडाच आहे, महिन्याला ११, पण मुदत आणि रक्कम मोठी झाली की तोही मोठा होतो. एक्सेलमधे रेट नावाचं फंक्शन असतं, त्याला हप्त्यांची संख्या, हप्ता (पुढे उणे चिन्ह लावून) आणि कर्जाची रक्कम दिली की तो महिन्याचा खरा दर सांगतो, त्याला १२ ने गुण, झालं. आणि फाइलचा खर्च म्हणून सुरुवातीलाच काही कापणार असतील तर कर्जाच्या जागी १२,००० न टाकता हातात प्रत्यक्ष पडणार ते टाक, दर अजून वर जाताना दिसेल. नो कॉस्ट ईएमआयलाही हेच कर, रोख घेतल्यावर जी सूट मिळाली असती ती वजा करून बघ.

प्रश्न: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूट कोर्टमधे मी मांडलं की आरोपीचा डीएनए जुळलाय आणि योगायोगाने जुळण्याची शक्यता १० लाखात १ आहे, म्हणजे तो निर्दोष असण्याची शक्यता १० लाखात १. जजनी मार्क कापले. का?

कापायलाच हवे होते.

गाय असेल तर चार पाय असतात, पण चार पाय आहेत म्हणून गाय आहे असं होतं का? तू नेमकं तेच उलटवलंस. 'निर्दोष माणूस घेतला तर त्याचा डीएनए जुळण्याची शक्यता' हा एक आकडा, आणि 'डीएनए जुळलेला माणूस घेतला तर तो निर्दोष असण्याची शक्यता' हा पूर्ण वेगळा. पहिल्यात छेदात सगळे निर्दोष लोक, दुसऱ्यात छेदात फक्त जुळलेले लोक. मोजून बघ. गुन्हा करू शकेल अशी ५० लाख माणसं त्या भागात आहेत असं धर, बाकी काहीच पुरावा नाही, नुसता डेटाबेस चाळून हा माणूस सापडला. ५० लाखांत योगायोगाने जुळणारे साधारण ५ निघतील, आणि खरा गुन्हेगार १. जुळणारे एकूण ६, आणि तुझा आरोपी त्यातला कोणीही एक. म्हणजे तो दोषी असण्याची शक्यता सहात एक! अर्थात दुसरा पुरावा असेल, तो त्या रात्री तिथे होता, वगैरे, तर ५० लाखांचे ५० होतात आणि मग तोच डीएनए फार जड पुरावा ठरतो. डीएनए वाईट पुरावा आहे असं मी म्हणत नाहीये, तो एकटा किती बोलतो ते म्हणतेय.

ही नुसती वर्गातली चूक नाही. इंग्लंडमधे १९९९ साली एका आईला स्वतःच्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनासाठी जन्मठेप झाली. तज्ज्ञ डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं होतं की अशा घरात बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ त १, म्हणून दोन दगावण्याची शक्यता ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. ज्युरीने काय समजायचं ते समजलं. आता यात दोन चुका आहेत आणि लॉवाल्याने दोन्ही लक्षात ठेव. गुणाकार तेव्हाच करायचा जेव्हा दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसतो, नाणं दोनदा उडवलं तसं. इथे तेच घर, तेच आईवडील, तेच जीन्स, पहिल्याला काही जन्मजात दोष असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता वाढते. आणि दुसरी चूक तुझीच: दोन बाळं नैसर्गिकरीत्या जाणं दुर्मिळ, मान्य, पण आईने दोन बाळांना मारणं हेही फार दुर्मिळच की. एका दुर्मिळाची तुलना दुसऱ्या दुर्मिळाशी करायची असते, शून्याशी नाही. २००१ मधे तिथल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढलं की या आकड्याला संख्याशास्त्रात आधार नाही. शिक्षा रद्द झाली २००३ मधे, तेही दुसऱ्या अपिलात आणि मुख्यतः दडून राहिलेल्या वैद्यकीय रिपोर्टमुळे. तोवर तिची तीन वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती.

हीच चूक दवाखान्यातही होते. आजार हजारात एकाला, टेस्ट ९९ टक्के अचूक, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर आजार असण्याची शक्यता? ९९ नाही, साधारण ९ टक्के. एक लाख माणसं कागदावर मांड, १०० आजारी, ९९,९०० धडधाकट, आणि स्वतः काढ.

प्रश्न: परीक्षेचा रिझल्ट ४० टक्क्यांवरून ४४ टक्के झाला. बातमीत '४ टक्के वाढ' लिहू की '१० टक्के वाढ'?

४४ वजा ४० हा फरक ४ टक्केबिंदूंचा, आणि ४० च्या मानाने वाढ १० टक्क्यांची. दोन्ही खरे. चांगलं दाखवायचं असलेला १० छापतो, म्हणून तू '४० वरून ४४' असं सरळ लिही.

प्रश्न: जर्नलिझमच्या प्रोजेक्टसाठी फॉर्म बनवून सगळ्या ग्रुप्सवर टाकला, ४०० जणांनी भरला. गाइड म्हणतात सॅम्पल लहान आहे, ४००० करा. खरंच एवढे लागतात?

गाइडचा आक्षेप चुकीच्या जागी आहे असं मला वाटतं, त्यांना सांगू नकोस मी म्हटलं म्हणून. शितावरून भाताची परीक्षा होते हे आपल्याकडे म्हणच आहे, आणि भांडं लहान की मोठं याने फरक पडत नाही, फक्त भात नीट ढवळलेला पाहिजे. खरंच चिठ्ठ्या टाकून निवडलेली ४०० माणसं असतील तर चुकीची मर्यादा साधारण वजाअधिक ५ टक्के, १००० असतील तर ३ टक्के (१ भागिले संख्येचं वर्गमूळ, एवढं लक्षात ठेव, ढोबळ अंदाजाला पुरतं). ४००० केलेस तरी दीडवरच येशील, दहापट मेहनतीला फायदा तिपटीचा.

पण तुझा भात ढवळलेलाच नाहीये. तुझ्या ग्रुप्सवर तुझ्या वयाची, तुझ्यासारखा विचार करणारी मंडळी, आणि त्यातही फॉर्म भरणारे कोण, तर ज्यांना त्या विषयाची तिडीक आहे ते. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने तब्बल १ कोटी कार्डं पाठवली, २० लाखांहून जास्त परत आली, आणि त्यावरून सांगितलं की लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. रूझवेल्ट ६१ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले, ४८ पैकी ४६ राज्यं त्यांची. कार्डांचे पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि गाड्यांच्या यादीतले, मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि गाडी आहे अशांचे, आणि वर ज्यांना रूझवेल्टचा राग ते कार्ड परत पाठवायला जास्त उत्साही. तेव्हाच जॉर्ज गॅलपने त्याच्या कितीतरी लहान सॅम्पलवरून रूझवेल्टच जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं.

म्हणून ४००० करत बसू नकोस. कॉलेजच्या हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून २०० नावं काढ आणि त्यांच्या मागे लागून शक्य तितक्या सगळ्यांकडून उत्तर घे. कंटाळवाणं आहे, पण ते छापता येईल. हे जमणारच नसेल तर मथळ्यात 'तरुणांना काय वाटतं' असं न लिहिता 'आमच्या ग्रुपवरच्या ४०० जणांना काय वाटतं' असं लिही.

प्रश्न: समाजशास्त्राला आहे. एका संस्थेचे प्रवेशाचे आकडे मिळवले, अर्ज केलेल्या मुलांपैकी ४६ टक्क्यांना प्रवेश, मुलींपैकी ३७ टक्क्यांना. भेदभाव सिद्ध झाला ना? प्रबंध लिहायला घेऊ?

थांब जरा. जवळजवळ असेच आकडे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे १९७३ मधे आले होते, मुलगे ४४ टक्के, मुली ३५ टक्के. मग संशोधकांनी विभागवार बघितलं तर बहुतेक विभागांत मुलींविरुद्ध काही दिसेना, एकत्र हिशोब केला तर कल उलट थोडा मुलींच्याच बाजूने निघाला. झालं होतं असं की मुली जास्त करून अशा विभागांना अर्ज करत होत्या जिथे जागा कमी आणि गर्दी जास्त, तिथे मुलगे असोत की मुली, बहुतेकांना नकारच. सगळे विभाग एका छेदात ओतले की चित्र फिरतं, याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

याचा अर्थ भेदभाव नव्हता असा घेऊन टाकू नकोस हं, ती घाई पण चुकीची. मुली त्याच विभागांकडे का वळतात, शाळेपासून त्यांना कुठल्या विषयांपासून दूर ठेवलं गेलं, हा प्रश्न उरतोच आणि तो तुमच्या समाजशास्त्राचाच आहे, तिथे माझं गणित मदतीला येत नाही. पण 'प्रवेश समिती मुलींना नाकारते' आणि 'मुली अडचणीच्या रांगेत उभ्या केल्या जातात' हे दोन वेगळे प्रबंध आहेत, आणि तुझा कोणता हे तुझ्याकडचे दोन आकडे सांगू शकत नाहीत. विभागवार आकडे माग, प्रत्येकाचे चार: मुलांचे अर्ज, मुलांचे प्रवेश, मुलींचे अर्ज, मुलींचे प्रवेश. ते मिळाले की परत लिही, तक्ता सोबत जोड.